पहिल्यांदा कोकणात येताय? आधी मुक्कामाचं गाव ठरवा

लातूरच्या एका ताईंनी विचारलं आहे: "डिसेंबरात आठ दिवसांची रजा आहे. आम्ही दोघं, दहा आणि सहा वर्षांची मुलं आणि सासूबाई. घरची गाडी आहे. समुद्र आमच्यापैकी कुणीच जवळून पाहिलेला नाही. अलिबागपासून गोव्याच्या हद्दीपर्यंत सगळं कोकण करायचं म्हणतोय. सासूबाई माळकरी आहेत, मासळीच्या मुलखात त्यांच्या जेवणाचं कसं होईल? आणि तिकडच्या माणसांशी वागायची, देवळात जायची काही वेगळी रीत असते का?"

ताई, मी मालवण तालुक्यातल्या एका किनाऱ्यावरच्या गावात राहते. गेली एकोणीस वर्षं आमच्या राहत्या घरातच पाहुण्यांची सोय करतो. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट सांगते: अलिबाग ते गोवा हा बेत सोडून द्या. नकाशावर किनारा सरळ दिसतो, पण दर थोड्या अंतरावर खाडी आत शिरलेली आहे. समोरचं गाव डोळ्यांना दिसतं आणि तिथे पोचायला वळसा घालून तास जातो. रोज नवं हॉटेल, रोज सामान बांधायचं, रोज पाच तास गाडीत. असे आलेले पाहुणे मी पाहिले आहेत. मुलं मागच्या सीटवर झोपलेली असतात आणि आईवडील घड्याळ बघत जेवतात. परत जाताना त्यांना गावांची नावंसुद्धा आठवत नाहीत.

रायगड जिल्ह्याची बाजू, म्हणजे अलिबाग, मुरुड-जंजिरा, श्रीवर्धन, पुढच्या वेळेला ठेवा. या खेपेला दक्षिण कोकण घ्या: मालवणच्या आसपास पाच रात्री, रत्नागिरीच्या बाजूला दोन. रस्ताही तुम्हाला सोयीचा आहे. सोलापूर, मिरज करत कोल्हापूरला या, अंबाबाईचं दर्शन घ्या आणि राधानगरी-दाजीपूरच्या जंगलातून फोंडा घाटाने खाली उतरा. परतताना रत्नागिरीहून आंबा घाटाने वर चढा. रत्नागिरी-नागपूर महामार्ग तुमच्या लातूरवरूनच जातो. घाट मात्र दिवसाउजेडी उतरायचा. सवय नसलेल्या माणसाने रात्री वळणं घेत उतरू नये, आणि शिवाय घाट उतरताना झाडं, माती, घरांची छपरं कशी बदलत जातात ते मुलांना दिसलं पाहिजे. काळी जमीन संपते आणि लाल जांभा सुरू होतो. तिथून पुढे भिंती चिऱ्याच्या, छप्पर कौलाचं, घरापुढे सारवलेलं खळं, म्हणजे अंगण, आणि खळ्यात तुळस.

तारखांचं एक सांगते. २४ डिसेंबर ते १ जानेवारी टाळता आलं तर टाळा. त्या आठवड्यात किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही पाहुण्यांजवळ बसून बोलायला वेळ मिळत नाही. डिसेंबरचा पहिला पंधरवडा फार चांगला. सकाळी गारवा असतो, समुद्र शांत असतो, भातकापणी उरकलेली असते, आणि जत्रांचा हंगाम चालू असतो. आंबा मात्र तेव्हा नसतो. झाडं मोहरलेली दिसतील. हापूसची पेटी दाखवून कुणी गळ घातली तर घेऊ नका.

आता सासूबाईंच्या जेवणाचं, कारण तुम्हाला तीच काळजी जास्त दिसते. मासे खाणारी घरंसुद्धा इकडे रोज मासे खात नाहीत. सोमवार बहुतेक घरांतून पाळतात, कुणी गुरुवार, कुणी शनिवार, संकष्टी, एकादशी आणि श्रावण तर सगळाच. अशा दिवसाच्या जेवणाला आमच्या मालवणीत शब्द आहे, शिवराक. "आज शिवराक आसा" म्हटलं की मासळीची भांडी फडताळात जातात. म्हणजे शाकाहारी स्वयंपाक आमच्यासाठी अडचणीचा नाही, तो निम्म्या वर्षाचा आहे. उतरायच्या आधी घरमालकिणीला एवढंच सांगा: "सासूबाई माळकरी आहेत, कांदा-लसूण चालतो की नाही, भांडी वेगळी हवीत." आदल्या दिवशी कळलं तर कुणाचीच पंचाईत होत नाही. सोलकढीत बहुतेकजणी लसूण घालतात. बिनलसणाची हवी असेल तर तेही सांगून ठेवायचं.

काय मागावं ते सांगते. सकाळी उकड्या तांदळाची पेज, बरोबर लोणचं आणि तळलेली खारातली मिरची. घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी. दुपारी काळ्या वाटाण्याचं सांबारं, केळफुलाची भाजी, सुरणाची कापं. रात्री कुळथाची पिठी आणि गरम भात, वर खोबरेल तेलाची धार. पिठी लहान मुलं पहिल्या दिवशी नाक मुरडून बघतात आणि तिसऱ्या दिवशी मागून घेतात. आणि एका संध्याकाळी शिरवाळे करायला सांगा. तांदळाच्या पिठाची उकड काढून तिचे गोळे करायचे, ते पाण्यात उकडायचे आणि गरम असतानाच लाकडी साच्यातून दाबायचे. एकट्या बाईचं ते काम नाही. एकाने साचा धरायचा, दुसऱ्याने दांड्यावर सगळं वजन टाकायचं, तेव्हा खाली शेवयांसारखी धार सुटते. ती ताटलीत धरायची आणि वर नारळाचा गुळाचा रस, त्यात वेलची आणि असेल तर हळदीचं पान. माझ्याकडे आलेल्या मुलांना मी नेहमी दांड्यावर लोंबकळायला लावते. स्वतः दाबलेले शिरवाळे ती ताटात टाकत नाहीत.

एक गोष्ट बरोबर आणा: ज्वारीचं पीठ. किनाऱ्यावर भाकरी तांदळाची. पहिले दोन दिवस ती गोड लागते, मग तुमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना ज्वारीची आठवण येते आणि त्या संकोचाने बोलत नाहीत. दोन किलो पीठ आणलंत तर कुठल्याही घरात तुम्हाला चुलीवर जागा मिळेल. सासूबाई भाकरी थापत असताना शेजारच्या दोघी बघायला येतील हेही सांगून ठेवते.

मासे खाणाऱ्यांनी सकाळी नऊच्या आत माणसं मोजून सांगावं. मासळी सकाळी घेतली जाते आणि जेवढी खाणारी तोंडं तेवढीच घेतली जाते. एक वाजता येऊन "सुरमई आहे का" विचारलं तर मिळणारी सुरमई बर्फातली असेल. आणि पापलेट-सुरमईच्या पलीकडे या. डिसेंबरात बांगडा आणि तारली ताजी मिळाली तर तिरफळं घातलेला बांगड्याचा तिकला, म्हणजे तिखट दाट कालवण, मागा. तिरफळाच्या वासाने जेवण संपल्यावरही बोटं धुवावीशी वाटत नाहीत. लहान मुलांना काट्यांचा त्रास होतो, त्यांच्यासाठी सुंगटं, म्हणजे कोळंबी.

समुद्राबद्दल जरा थांबून सांगते. तुम्ही पहिल्यांदा बघणार आहात, आणि मी इथे नको ते पाहिलेलं आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे मुक्कामाला असलेला एक तरुण खाडीच्या तोंडाशी पोहायला उतरला. नदीत पोहणारा, तब्येतीने उत्तम. ओहोटी लागली होती. खाडीचं पाणी बाहेर ओढतं तेव्हा वरून काही दिसत नाही, उलट तिथे लाटा कमी असल्यामुळे ती जागा शांत वाटते. पाचेक मिनिटांत तो हाकेच्या पलीकडे गेला. नशिबाने जवळच रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याची, होडी होती, त्या माणसांनी दोर टाकून त्याला आत घेतलं. तो वाळूवर पालथा पडून राहिला होता आणि त्याची आई त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली होती. दोघंही बोलत नव्हती. त्या दिवसापासून माझ्याकडे उतरणाऱ्या प्रत्येकाला मी चहाच्या आधी भरती-ओहोटी सांगते.

तिचा हिशेब कोळ्यांच्या पोरालाही येतो. आजची तिथी घ्या, तिची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. पंचमी असेल तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचार. अष्टमीला सहा. पौर्णिमा झाली की वद्य प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. जेवढ्याला दिवसा तेवढ्याच सुमाराला रात्री, आणि मधे सहा-सव्वासहा तासांनी पुरी ओहोटी. गावागणिक अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, पण अंदाज चुकत नाही. सासूबाईंना तिथी तोंडपाठ असेल. हे काम त्यांच्याकडेच द्या, मुलं रोज त्यांना विचारायला जातील. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी जोराने चढतं आणि जोराने उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा पाण्याला जोर कमी. मुलांना पाण्यात सोडायचं ते भरती चढत असताना, कमरेखालच्या पाण्यात, गावातल्या माणसाला विचारून दाखवलेल्या जागी. खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे कधीच नाही. खडकावर उभं राहून फोटो नाही. दारू प्यायलेला माणूस पाण्यात नाही. गाडी वाळूत घालू नका. रुतते, आणि पुढच्या महिन्यांत त्याच वाळूत कासविणी अंडी घालायला येतात.

मालवणला पाण्याखाली बुड्या मारायची सोय आहे, तारकर्लीलाही. तुमचा दहा वर्षांचा करू शकेल, पण प्रशिक्षित माणूस बरोबर असेल तरच, आणि त्याला स्वतःला हवं असेल तर. सहा वर्षांच्याला किनाऱ्यावरच्या खेकड्यांमागे धावू दे.

एक गोष्ट मात्र बघाच, आणि तिला तिकीट नाही. रापण. किनाऱ्यावरून ओढायचं हे मोठं जाळं. पहाटे होडी जाळं घेऊन पाण्यात जाते आणि अर्धगोल फिरून ते सोडत परत किनाऱ्याला लागते. दोन्ही टोकांचे दोर वाळूवर. दोन रांगा लागतात, बापये, बायका, म्हातारे, शाळेत जायच्या आधी आलेली पोरं. दोर कमरेशी धरून सगळे पाठमोरे, पावलागणिक मागे सरतात. दोन रांगा हळूहळू एकमेकींकडे सरकत येतात. तासभर नुसतं ओलं दोरखंड आणि वाळूत रुतणाऱ्या टाचा. मग एकाएकी वर घारी आणि कुरव पक्षी घिरट्या घालायला लागतात, जाळ्याची खोळ जवळ येते आणि पाणी आतून थरथरतं. कधी चांदीसारखी तारली, कधी नुसता कचरा आणि चार खेकडे. जे येईल त्याचे वाटे पडतात: जाळ्याचा, होडीचा, ओढणाऱ्यांचा.

तुम्ही तिथे गेलात तर कॅमेरा बाजूला ठेवून आधी दोराला हात लावा. कुणी अडवत नाही. ओढलंत तर तुमच्या हातावरही मूठभर मासळी ठेवतील. ती घ्या, नको म्हणू नका, घरी आणा, कुणीही भाजून देईल. पूर्वी आमच्या गावात रापणी पुष्कळ होत्या, आता हातावर मोजण्याएवढ्या राहिल्या आहेत. मोठ्या यांत्रिक होड्या आणि पर्ससीनची, म्हणजे अख्खा थवा वेढून घेणारी, जाळी खोल पाण्यातच मासळी उचलतात, मग किनाऱ्याला काय येणार? पर्ससीनवर सरकारने २०१६ साली निर्बंध घातले, तरी तो तंटा अजून मिटलेला नाही. रापणकर तुमच्याशी त्याबद्दल बोलतील. ऐकून घ्या. त्यांच्या घरातल्या चुलीचा तो विषय आहे.

पावसाळ्यात येऊ का, असंही पुष्कळजण विचारतात. हिरवं कोकण बघायला जरूर या. पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद असतात आणि समुद्र लांबूनच बघायचा. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतात, त्यानंतर किनारा पुन्हा कामाला लागतो.

आता माणसांचं. इकडचा माणूस पहिल्या भेटीत गळ्यात पडत नाही. पडवीत बसून तो तुमच्याकडे बघेल आणि थोड्या वेळाने विचारील, "खयसून इलात?" म्हणजे कुठून आलात. त्यात चौकशीचा खवचटपणा नसतो. गाव, आडनाव, मुंबईत कोण असतं, हे विचारल्याशिवाय त्याला तुमच्याशी बोलायला धागा सापडत नाही. कारण त्याच्याही घरातलं कुणीतरी मुंबईत असतं. गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात हे चाकरमानी गावी येतात, आणि त्या दिवसांत रेल्वेत, एस्टीत जागा मिळत नाही. तुम्ही सविस्तर सांगा: लातूर, शेती काय पिकते, पाऊस किती झाला. पावसाचा विषय निघाला की तो मोकळा होतो. तुमच्याकडे पावसाचे ढग बघत बसायचे आणि आमच्याकडे आंबोलीला वर्षाला सातशे सेंटिमीटरच्या आसपास पाऊस. दोघांनाही एकमेकांचं नवल वाटतं.

मालवणी तुम्हाला अर्धी कळेल. "मी येतंय", "मी खातंय" असं बाईही म्हणते आणि बाप्याही. मुलगा तो झील, मुलगी ती चेडू, आणि चेडू नपुंसकलिंगी. "मेल्या" ही हाक ऐकून दचकू नका, ती बहुतेक वेळा मायेची असते. तुम्ही मात्र ती वापरू नका, तेवढी ओळख व्हायला वर्षं जावी लागतात. काका, काकी, वहिनी म्हणा, पुरे आहे. आणि कुणाच्या घरून निघताना "जातो" म्हणू नका, "येतंय" म्हणा.

कुठल्याही बागेत विचारल्याशिवाय शिरू नका. मोकळी दिसली तरी ती कुणाची तरी आहे. गडगा, म्हणजे नुसते दगड रचलेली भिंत, ती ओलांडू नये. खाली पडलेला नारळ उचलायचाही नाही. विचारलंत तर तोच मालक माणूस चढवून तुम्हाला चार शहाळी काढून देईल. आणि माडाखाली गाडी लावू नका, मुलांनाही तिथे खेळू देऊ नका. नारळ कुणाला विचारून पडत नाही.

देवळांबद्दल तुम्ही आवर्जून विचारलंत, बरं केलंत. आमच्याकडे देऊळ हे गावाचं कामकाज चालायची जागा आहे. ग्रामदेवता कुठे रामेश्वर, कुठे रवळनाथ, कुठे माऊली, सातेरी. सातेरीचं मूळ रूप वारूळ. प्रत्येक कामाचा मान ठरलेला: मानकरी, गुरव, घाडी. गावात काही मोठं करायचं तर देवाचा कौल घेतात. देवाच्या अंगावर कळ्या किंवा तांदळाचे दाणे लावतात आणि वाट बघतात, उजवा पडतो की डावा. तुम्ही देवळात शिराल आणि दहा माणसं गाभाऱ्याकडे टक लावून गप्प बसलेली दिसतील. तेव्हा घंटा वाजवू नका, फोटो काढू नका, मागे बसा. संपलं की कुणीतरी स्वतः उठून तुम्हाला पुढे घेईल. गाभाऱ्यात कुणी जायचं, कुठपर्यंत जायचं, हे देवळागणिक वेगळं आहे. गुरवाला विचारायचं आणि तो म्हणेल तिथे थांबायचं.

आमच्याकडे मुक्कामाला आलेल्यांसाठी मी पहिल्या सकाळी देवळात नारळ ठेवते आणि गुरव गाऱ्हाणं घालतो. तो हात जोडून मोठ्याने सांगतो: बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां लातुरासून तुझ्या गावात इली हत, त्यांची काय चूकभूल झाली तर पदरात घे, त्यांका सुखरूप घराक पोचव. प्रत्येक वाक्यानंतर मागे उभे असलेले सगळे एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" तुमची मुलं दुसऱ्या ओळीपासून म्हणायला लागतील. सासूबाईंचं नाव देवापुढे घेतलेलं त्यांना आवडेल.

आरवली, सोनुर्ली ही नावं तुम्ही ऐकाल. आरवलीच्या वेतोबाला भलेमोठे चामड्याचे जोडे वाहतात. तो रात्री गावाची राखण करत फिरतो, त्याचे जोडे झिजतात, अशी श्रद्धा. मुलांना तिथे न्याच. आमच्या तालुक्यातल्या आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा पंचांगावर ठरत नाही, देवीचा कौल घेऊन तारीख निघते, साधारण फेब्रुवारी-मार्चात. आणि आचऱ्याला, चिंदरला तीन-चार वर्षांनी गावपळण होते: देवाच्या हुकमाने अख्खा गाव गुरंढोरं, कोंबड्या घेऊन वेशीबाहेर जातो, झोपड्या बांधून तीन दिवस राहतो. आजारी, म्हातारे, सगळे. त्या दिवसांत गावात चिटपाखरूही नसतं. अशा वेळी रिकामा गाव बघायला म्हणून कुणी आत शिरू नये, बाहेर झोपड्यांकडे जावं. तिथे रात्री भजनं रंगलेली असतात.

डिसेंबरात तुम्हाला मिळेल ती गावची वार्षिक जत्रा आणि तिच्यात रात्री दशावतार. तारीख तिथीवर असते, येण्याआधी घरमालकाला विचारा, पाच दिवसांत आसपास एकतरी सापडतेच. संध्याकाळी झोपून घ्या. देवाची पालखी देवळाभोवती फिरते, ओट्या भरल्या जातात, बाहेर खाजा, लाडू, भजी, खेळण्यांची दुकानं. मध्यरात्रीच्या सुमाराला नाटक उभं राहतं. त्याआधी मुलांना घेऊन नट रंगतात तिथे जा, लांबून बघू देतात. पेटाऱ्यातून मुकुट निघतात, पेटाऱ्यातल्या गणपतीची पूजा होते, प्रत्येकजण हातात छोटा आरसा धरून स्वतःचा चेहरा स्वतः रंगवतो. दिवसा शेतात नांगर धरणारा माणूस तासाभरात नऊवारी नेसून राणी होतो, आणि उठून चालायला लागला की चालही बाईची. लिहिलेली संहिता नसते. आख्यान कुठलं ते ठरतं, कोण कोण ते ठरतं, आणि संवाद रंगमंचावर जागच्या जागी जुळवतात. पायपेटी, पखवाज आणि झांज, एवढ्यावर रात्र जाते. आधी गणपती, मोरावरची सरस्वती, काळा संकासुर, मग मुख्य आख्यान. वालावलकर, पार्सेकर, मोचेमाडकर ही जुनी नावाजलेली मंडळं. खाली बसायला चटई आणि अंगावर घ्यायला शाल न्या, पहाटे दव पडतं. मुलं झोपली तर झोपू द्या, आजूबाजूला गावची पोरंही तशीच पसरलेली असतात. युद्धाच्या वेळी पखवाज त्यांना उठवतो.

बाकीचं आटोपशीर सांगते. सिंधुदुर्ग किल्ला सकाळच्या पहिल्या होडीने. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी ज्या खडकावर पूजा करून पायाभरणीचा मुहूर्त केला तो मोरयाचा धोंडा मालवणच्या किनाऱ्यावर आहे, तो आधी दाखवा आणि मग होडीत बसा. आत चारी बाजूंनी खारं पाणी असताना दूधबाव, साखरबाव, दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवलं, त्यात हा आहे, तुमच्या पुढच्या वाटेवरचा विजयदुर्गही आहे. धामापूरचा तलाव आणि काठची भगवती सासूबाईंसाठी. लग्नाला दागिने नसतील तर गरीब माणूस तळ्यात फुलं सोडायचा आणि तळं सोन्याचे दागिने द्यायचं, काम झाल्यावर परत करायचे, अशी कथा तिथे सांगतात. पिंगुळीला ठाकर समाजाच्या चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत सांगायच्या कथा, आणि कळसूत्री बाहुल्या आहेत. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. तिथे अर्धा दिवस द्या, पाच मिनिटं डोकावून येऊ नका.

सहाव्या दिवशी किनाऱ्याच्या रस्त्याने रत्नागिरीकडे निघा: आचरा, कुणकेश्वर, देवगड, पडेल कॅन्टीन नावाच्या नाक्यावरून आत विजयदुर्ग आणि परत, मग जैतापूर, आडिवरे, कशेळी, पावस. दिवस पुरा लागतो. कशेळीला कनकादित्याचं देऊळ आहे आणि तिथल्याच सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, कातळात कोरलेला प्रचंड हत्ती. हजारो वर्षांपूर्वी कुणी कोरला, कशासाठी, त्यांचं नाव-गाव काही मागे राहिलेलं नाही. अशी कातळशिल्पं या सड्यांवर पुष्कळ आहेत, त्यांतली काही २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. चपला काढून कडेकडेने चाला, रेघांवर पाय देऊ नका, खडूने रंगवू नका. पावसला स्वामी स्वरूपानंदांची समाधी, तिथे सासूबाईंना निवांत बसू द्या. दुसऱ्या दिवशी गणपतीपुळे. देवाला प्रदक्षिणा म्हणजे पुऱ्या डोंगराला प्रदक्षिणा, ती उन्हाच्या आधी घालावी.

घरी नेण्यासाठी आमसुलं, कुळथाचं पीठ आणि मालवणी मसाला घ्या. महामार्गावरच्या दुकानापेक्षा तुम्ही उतराल त्या घरी किंवा गावातल्या बचत गटाकडे. आमसूल बोटांत दाबून बघायचं: मऊ, किंचित ओलसर, मिठाची चव असलेलं हवं. कडकडीत वाळलेलं, चामड्यासारखं असेल तर ते जुनं. एक पाकळी पाण्यात टाकली की रंग सावकाश उतरतो. टाकताक्षणी पाणी लालभडक झालं तर ते घेऊ नका. डब्यात भरताना वर मीठ भुरभुरा, तुमच्या कोरड्या हवेत ती लवकर वाळतात.